शेपटीमागचा माणूस

१

शेपटीमागे बसायचं काम माझं. रिमोट दादाच्या हातात.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आठवडाभर शाळेत चित्रकला शिकवायचा आणि रविवारी रिमोटवरची विमानं उडवायचा. विकत आणलेली नव्हे, स्वतः बांधलेली. बाल्साचं हलकं लाकूड, वर रंगीत प्लास्टिकचा पापुद्रा, पुढे काजूच्या डब्याएवढं इंजिन. आमच्या विमानांना पंखांवर हलणारे पट्टे नसत. वळायचं ते शेपटीच्या उभ्या सुकाणूवर आणि वर-खाली व्हायचं ते आडव्या पट्टीवर. एवढंच.

उडवण्याआधीची आमची पद्धत ठरलेली. विमान गवतावर, नाक वाऱ्याकडे. मी शेपटीमागे उकिडवा बसणार, दादा माझ्या पाठीमागे दोन पावलांवर उभा राहणार. तो रिमोटची काडी उजवीकडे सारायचा आणि विचारायचा, "उजवं?" सुकाणू उजवीकडे वळलेलं डोळ्यांनी बघायचं आणि मग मी म्हणायचं, "उजवं." मग "डावं?" "डावं." मग आडवी पट्टी. "वर?" "वर." "खाली?" "खाली." आणि शेवटी, "सगळं बरोबर?" "सगळं बरोबर." त्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

"अरे, तूच बघ ना वाकून," मी एकदा वैतागून म्हणालो होतो. गुडघे दुखायचे माझे, तेव्हाही.

"रिमोट धरणाऱ्याला जे दिसायला हवं असतं तेच दिसतं," तो म्हणाला. "बघणारा वेगळा लागतो."

तपासणी झाली की पोटाखालचं झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला तो पेन्सिलीने तारीख घालायचा. खाली त्याची सही, शेजारी माझी. मास्तरी खाक्या. मी हसायचो त्याला.

मी स्वतः लिफ्टचा मेकॅनिक. मागच्या वर्षी निवृत्त झालो. माझ्या हाताखालची पोरं मागून मला खवीस म्हणायची, कारण प्रत्येक दोर, प्रत्येक बोल्ट स्वतः बघितल्याशिवाय मी कागदावर सही करत नसे. खवीस तर खवीस. पण मी पहिल्यापासून तसा नव्हतो. गेल्या एकोणीस वर्षांत झालो.

२

दादा जाऊन सहा महिने झाले, तेव्हा खारू आली. खारू म्हणजे दादाची एकुलती एक लेक. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून मीच ठेवलेलं नाव. आता सत्तावीस वर्षांची आहे, एका दवाखान्यात लोकांचे कान तपासते. डावा डोळा काचेचा. नवीन माणसाला पटकन कळत नाही, पण ती डावीकडचं काही बघायला सगळी मान वळवते आणि दर वेळी मी नजर दुसरीकडे वळवतो.

ती गाडीतून एक लांबलचक गुंडाळी घेऊन आली. जुनी चादर उलगडली तर आत विमान.

"हे कुठलं?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच असावा. खारूचा डोळा गेला त्या अपघातानंतर दादाने विमानाचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

"माळ्यावर होतं. आजारी पडायच्या आधी वर्षभर बांधत होते म्हणे. आईलासुद्धा पत्ता नव्हता, बोल!" ती खुर्चीवर मांडी घालून बसली. "थोडंच राहिलंय, काका. तारा जोडायच्यात, बस. तू कर ना पुरं. मग रविवारी मी उडवते."

"तू?"

"मग काय तू? तुला चष्मा लागतो चहाचा कप शोधायला."

ही, म्हणजे आमच्या सौ., हसत हसत चहा घेऊन आल्या आणि टेबलावरचं ते पाच फुटी धूड बघून थबकल्या. "बरं झालं. आता आपण जेवायचं कुठे, धावपट्टीवर?"

चहा पिता पिता खारूने कप खाली ठेवला. विमानाच्या पंखावरून हात फिरवत म्हणाली, "मला एकदा नीट उडवायचंय, काका. माझ्यामुळे पडलं ना तेव्हाचं ते."

"तुझ्यामुळे कसं?"

"मी ओरडले नसते तर बाबांची तपासणी राहिली नसती. तेच म्हणायचे ना, की तपासणी राहून गेली. मी मध्येच हाक मारली म्हणून राहिली. आठ वर्षांची होते, पण इतकं कळतं मला."

"जाऊ दे गं," मी म्हणालो. "जुन्या गोष्टी."

ही माझ्याकडे बघत होती. मी बिस्किट चहात बुडवलं आणि ते तुटून आत पडलं, तर ते चमच्याने काढण्यात मी बराच वेळ घालवला.

३

त्या दिवशी तपासणी राहिली नव्हती. ती झाली होती.

मैदानाच्या कडेला झाडाखाली खारू एकटी खेळत होती. मी शेपटीमागे बसलो होतो. दादा पाठीमागे रिमोट घेऊन उभा. तेवढ्यात ती ओरडली, "काका, बघ! काका, बघ ना!" तिच्या तळहातावर एक चतुर येऊन बसला होता. निळा. पंख हलवत नव्हता. ती हात लांब धरून श्वास रोखून उभी होती आणि मी तिच्याकडे बघून हसलो.

"उजवं?" दादाने विचारलं.

"उजवं," मी म्हणालो. चतुराकडे बघत.

"डावं?"

"डावं."

हाक तिने मला मारली होती, दादाला नाही. आणि सुकाणू उलटं चालत होतं.

विमान उडालं, वळताना झाडाकडे जाऊ लागलं. दादाने त्याला दूर न्यायला उजवीकडे सारलं, ते डावीकडे वळलं. त्याने आणखी उजवीकडे सारलं, ते आणखी डावीकडे आलं आणि खाली आलं. पुढचं मी सांगणार नाही.

दवाखान्यात वहिनीने रडत विचारलं, "असं झालंच कसं?" मी तोंड उघडणार होतो, देवाशपथ उघडणार होतो. पण दादाच आधी बोलला. "तपासणी करायची राहून गेली. माझीच चूक." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने माझं उत्तर कानांनी ऐकलं होतं. तरी सगळं स्वतःवर घेतलं आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. एकोणीस वर्षं.

भावाने पांघरूण घातलं, आपण त्याखाली झोपलो, एवढंच असतं तर कदाचित मी ते निभावून नेलं असतं. पण दादाच्या शेवटच्या दिवसांत एका दुपारी खारू त्याच्या उशाशी बसून त्याचा हात धरून रडायला लागली. "बाबा, सॉरी. मी ओरडले नसते तर. सॉरी, बाबा." दादाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. बोलता येत नव्हतं. पोरगी इतकी वर्षं हे मनात घेऊन फिरतेय हे त्याला तेव्हाच कळलं, मलाही तेव्हाच. त्याने नजर वळवून माझ्याकडे बघितलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो.

मी चादर सरळ केली. कोपरे नीट खोचले. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

४

काम खरंच थोडं होतं. विमानाच्या पोटात दोन सर्व्हो होत्या. सर्व्हो म्हणजे काड्यापेटीएवढी मोटर, तिच्या डोक्यावर एक छोटी पट्टी, पट्टीच्या दोन्ही टोकांना भोकं. त्या भोकात पोलादी तार अडकवायची. ती तार एका बारीक नळीतून पोटाच्या आतून शेपटीपर्यंत जाते आणि सुकाणूवर बसवलेल्या प्लास्टिकच्या शिंगाला जोडली जाते. सर्व्हो तार ढकलते, सुकाणू वळतं. दोन नळ्या पोटात एकमेकींना तिरप्या ओलांडून जातात, म्हणजे तार मुरडत नाही. "तार अशी गेली पाहिजे की आपण वळलोय हे तिला कळूच नये," असं दादाचं म्हणणं.

नळ्या त्याने आधीच चिकटवून ठेवल्या होत्या. मी चष्मा सावरून शेपटीकडे बघितलं आणि बघतच राहिलो.

सुकाणूची नळी डाव्या अंगाने बाहेर आली होती. दादा ती नेहमी उजव्या अंगाने काढायचा. अंग बदललं की शिंगही दुसऱ्या बाजूला येतं आणि तीच तार, तीच सर्व्हो, सुकाणूला उलटं वळवते. त्या दिवशीच्या विमानात नेमकं हेच झालं होतं. हीच चूक, याच जागी.

वय झालं होतं त्याचं, मी स्वतःला समजावलं. आजार आत पोखरत असणार. हात थरथरत असतील. पण नळीभोवतीचा डिंक बघा, एक थेंब बाहेर नाही. हात थरथरणाऱ्या माणसाचं ते काम नव्हतं. आणि ज्या चुकीने लेकीचा डोळा गेला ती चूक माणूस झोपेतसुद्धा पुन्हा करेल का?

पोटाखालचं झाकण उघडून आत बघितलं. तारीख नव्हती. त्याची सही मात्र होती. तपासणी न होता सही करणारा दादा मी कधी बघितला नव्हता. शेजारी पट्टीने ओढलेली एक रेघ, रिकामी. माझ्या सहीसाठी.

नळी उखडायची म्हणजे सगळं पोट फाडावं लागलं असतं. सोपा उपाय असा की सर्व्होच्या पट्टीवर तार एका टोकातून काढून दुसऱ्या टोकाला अडकवायची. दिशा सरळ होते. मी तेच केलं. रिमोट लावून बघितलं, उजवीकडे सारलं, सुकाणू उजवीकडे. छान. काम फत्ते.

खारूचा संध्याकाळी फोन आला. "कसं चाललंय? बाबांनी काही गडबड नाही ना करून ठेवली?"

"छे गं. सगळं बरोबर आहे," मी म्हणालो.

५

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर पुन्हा रिमोट लावला. उजवीकडे सारलं. सुकाणू डावीकडे गेलं.

पोट उघडलं. तार जुन्या भोकात होती.

"तू हात लावलास का विमानाला?" मी हिला विचारलं.

"मला काय हौस आलीय? धूळसुद्धा फुंकर मारून काढते मी. काही मोडलं तर तुमचं तोंड कोण बघणार?"

असेल, मीच विसरलो असेन. काल तार काढली, हातात धरली आणि गप्पांच्या नादात पुन्हा तिथेच घातली. पण काल मी रिमोट लावून बघितलं होतं. बघितलं होतं ना? की बघितलं असं नुसतं वाटलं? निवृत्तीनंतर माणसाला काय काय होतं हे मी शेजाऱ्यांत बघतोय.

तार पुन्हा बदलली. या वेळी लिफ्टमधली युक्ती वापरली. तिथे एखादा बोल्ट घट्ट केला की त्यावरून पत्र्यापर्यंत रंगाची रेघ ओढतात. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटते आणि लगेच कळतं. मी हिच्या नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली घेतली आणि तारेच्या टोकावरून सर्व्होच्या पट्टीपर्यंत एक बारीक रेघ ओढली. वाळू दिली. वर फुंकर मारली.

"अहो, ती माझी चांगली बाटली आहे," ही म्हणाली. "कुणाकडे जायचंय नटून?"

तिसऱ्या दिवशी झाकण उघडायच्या आधी मी हात धुतले. का धुतले कोण जाणे.

तार जुन्या भोकात होती. आणि लाल रेघ तिच्यावर होती, तारेच्या टोकापासून पट्टीपर्यंत, अखंड. कुठे चीर नाही, कुठे पापुद्रा निघालेला नाही. जणू मी ती रेघ पहिल्यापासून याच भोकापाशी ओढली होती. दुसऱ्या टोकाचं भोक कोरं होतं, रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

मी बराच वेळ ते भिंग लावून बघत राहिलो. मीच चुकीच्या टोकाला रेघ ओढली असणार. हे एकच उत्तर शहाण्या माणसाला पटण्याजोगं होतं, म्हणून मी ते पटवून घेतलं.

६

शुक्रवारी दुपारी ही शिवणाच्या क्लासला गेली. ती शिकवते तिथे. घरात मी आणि टेबलावर ते. खिडकीतून ऊन टेबलाच्या अर्ध्यापर्यंत आलं होतं, शेपटी उन्हात होती.

मी सोक्षमोक्ष लावायचा ठरवलं. बॅटरी काढून कपाटात ठेवली. रिमोट बंद करून खुर्चीवर ठेवला. सुकाणूची तार सर्व्होतून सोडवली, शिंगातून सोडवली आणि नळीतून अख्खी ओढून बाहेर काढली. आता सुकाणू फक्त बिजागऱ्यांवर लोंबत होतं. मी टेबलाच्या टोकाशी शेपटीमागे खुर्ची घेऊन बसलो, तार मांडीवर आडवी.

सुकाणू डावीकडे वळलं.

वाऱ्याने हललं तर ते फडफडतं. हे फडफडलं नाही. सावकाश, शेवटपर्यंत गेलं आणि तिथे थांबलं. मी खिडकी बघितली, बंद होती. पंखा बंद होता. सुकाणू ताणून धरलेलंच होतं. मग पुन्हा मध्यावर आलं. क्षणभर थांबलं. पुन्हा डावीकडे गेलं आणि थांबलं.

कुणीतरी विचारत होतं. उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा विचारत होतं.

पापुद्र्यावर, सुकाणूच्या वरच्या टोकाशी, एक बारीक खळगा पडला होता. वाकून पलीकडून बघितलं, तिकडेही तसाच. चिमटीत धरल्यावर पडतो तेवढा. पहिल्यांदा मला शिकवताना दादा सुकाणू असंच चिमटीत धरून हलवायचा. "हे उजवं, हे डावं. नीट बघून ठेव." माझ्या डोळ्यांदेखत ते खळगे जरासे खोल झाले.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. पळता येत नव्हतं. बोलावं लागणार होतं, काहीतरी बोललो तरच ते थांबणार होतं हे मला पक्कं कळलं होतं. काय बोलायचं तेही कळलं होतं. एकच शब्द. आणि माझ्या तोंडून काय निघालं?

"उजवं," मी म्हणालो.

सुकाणू सुटलं नाही. डावीकडे वळलेलंच राहिलं. मग थरथरायला लागलं, हात अवघडल्यावर माणसाची बोटं थरथरतात तसं.

"उजवं, उजवं! डावं. वर, खाली, सगळं बरोबर!" मी ओरडलो. लाज वाटते सांगायला. त्याच्यासमोरसुद्धा खोटंच बोललो मी.

दार वाजलं. ही पिशवी घेऊन आत आली, चपला काढता काढता म्हणाली, "काय हो, आज खूप दिवसांनी भाऊजी आले वाटतं." मग तिचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला. "असं कसं बोलले मी?" ती पुटपुटली. "जिन्यातून आवाज आला तुमच्या दोघांचा. म्हणून."

मी शेपटीकडे बघितलं. सुकाणू सुटून सरळ लोंबत होतं.

७

मी ते विमान मोडू शकलो असतो. टेबलावरून ढकललं असतं तरी पुरे होतं. खारूला म्हणालो असतो, हात सुटला, म्हातारा झालो. पण मला वाटलं, हेही मीच तिच्यापासून लपवणार का? आणि मग दुसऱ्याच क्षणी वाटलं, तार पुन्हा नीट बसवू, मैदानावर तपासू, बरोबर निघालं तर उडवू आणि प्रश्न मिटवू. लपवणाऱ्या माणसाला मार्ग फार सुचतात.

शनिवारी खारू रिमोट चार्ज करायला घेऊन गेली. मी तार बसवली, बरोबर दिशेसाठी लागते त्याच भोकात, आणि झाकण लावून वर चिकटपट्टी मारली.

रविवारी सकाळी मैदानावर कुणी नव्हतं. गवत ओलं, ऊन कोवळं, आमच्या पाठीमागून येणारं. खारूने गाडी कडेला लावली. मी विमान नेऊन मधोमध ठेवलं, बॅटरी जोडली आणि शेपटीमागे बसलो. गुडघे कुरकुरले. एकोणीस वर्षांत मी असा बसलो नव्हतो.

मागून पावलं आली, ओल्या गवतातली. दोन पावलांवर थांबली. सावली माझ्या खांद्यावरून पुढे शेपटीवर पडली. कोपरं दुमडलेली, हातात रिमोट.

"उजवं?"

सुकाणू डावीकडे गेलं. मी बघत होतो. या वेळी मी डोळे फाडून बघत होतो. तार काल नीट बसवली होती आणि सुकाणू डावीकडे गेलं.

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. सावली हलली नाही. तिने घाई केली नाही. सुकाणू मध्यावर आलं, पुन्हा डावीकडे गेलं.

"उलटं," मी म्हणालो.

मागे कुणीतरी हळूच श्वास सोडला. आणि एकदा तो शब्द निघाल्यावर मला आवरेना. मान न वळवता, त्या शेपटीकडे बघत मी बोलत सुटलो. "उलटं आहे. तेव्हाही उलटंच होतं. मी बघितलंच नव्हतं. तिच्या हातावर चतुर बसला होता, मी त्याच्याकडे बघत होतो. हाक मला मारली होती तिने. तपासणी राहिली नव्हती, मी खोटं उत्तर दिलं. चूक माझी. तिची नाही, तिच्या बापाची नाही. माझी." मी रडत होतो, नाक वाहत होतं, आणि खरं सांगायचं तर हलकं वाटत होतं. झालं, वाटलं. कळलं तिला.

"काका, कुणाशी बोलतोयस?"

आवाज लांबून आला. मी मान वळवली. खारू चाळीस पावलांवर गाडीपाशी उभी होती. डिकी उघडी होती, रिमोट अजून पेटीतच, ती पेटीच्या पट्ट्या सोडवत होती. माझ्या मागे कुणी नव्हतं. गवतावर मात्र दोन पावलांवर दव पुसलेलं होतं, एका माणसाला उभं राहायला लागते तेवढ्या जागेत.

मी पुन्हा पुढे बघितलं. शेपटीवर सावली होती.

८

ती आली. कान तपासणारी पोरगी, तिने डोकं तिरकं करून ऐकल्यासारखं केलं. "लांबून मला शब्द काही कळले नाहीत. बरा आहेस ना? चल, विचारू? उजवं—"

"थांब," मी म्हणालो. "आधी ऐक."

एकदा बोललेलं दुसऱ्यांदा बोलणं सोपं असेल असं वाटतं. नसतं. मेलेल्या माणसाला ते आधीच ठाऊक होतं. या पोरीला नव्हतं, आणि तिचा एक डोळा माझ्याकडे बघत होता. मी अडखळत, वाक्यं अर्धी सोडत सांगितलं. चतुर सांगितला. तिला तो आठवत होता, निळा होता हेसुद्धा. तार उलटी ठेवून गेलेला तिचा बाप सांगितला, आणि ती मी तिच्यापासून लपवून सरळ करायला बघितली हेही सांगितलं.

ती ओरडली नाही. रिमोट छातीशी धरून उभी राहिली. मग सगळी मान डावीकडे वळवून त्या झाडाकडे बघितलं. झाड अजून आहे तिथे.

"मी त्यांना सॉरी म्हणत होते," ती म्हणाली. "दवाखान्यात. त्यांचा हात धरून."

"हो."

"तू तिथे होतास, काका. पायथ्याशी. चादर सरळ करत होतास."

मी हात पुढे केला, तो तिने बघितला नाही, तो तिच्या डाव्या बाजूला होता. मुद्दाम बघितला नसेल तर तेही बरोबरच. तिने रिमोट गवतावर ठेवला, काळजीपूर्वक, काड्या वर करून, आणि गाडीकडे चालत गेली. आत बसली. दार लावून घेतलं. काचेतून तिचं डोकं स्टिअरिंगवर टेकलेलं दिसत होतं आणि खांदे हलत होते. लहान असताना ती अशी रडायला लागली की मी तिला खांद्यावर घेऊन फिरायचो. आता कुठल्या तोंडाने जाणार होतो?

तसाच बसून राहिलो. रिमोट गवतावर पडला होता, कुणाचा हात नव्हता त्याला.

सुकाणू हललं. उजवीकडे गेलं, आता उजवीकडे. "उजवं," मी म्हणालो, कारण ते खरंच उजवं होतं. मग डावं. "डावं." आडवी पट्टी वर झाली, मी वर म्हणालो. खाली झाली, खाली म्हणालो. प्रत्येक वेळी बघून. त्याने कसलीही घाई केली नाही, दर उत्तरानंतर तेवढाच थांबला जेवढा नेहमी थांबायचा. दादा रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

मग पट्ट्या सरळ झाल्या. सावली जरा पुढे सरकली, वाकल्यासारखी, आणि माझ्या कानाशी, अगदी जवळ, त्याच्या नेहमीच्या मास्तरी आवाजात शेवटचा प्रश्न आला.

"सगळं बरोबर?"

मी गाडीकडे बघितलं. तिने डोकं अजून उचललं नव्हतं.

त्या रविवाराला तीन महिने झाले. खारूचा फोन येत नाही. विमान टेबलावर आहे, आम्ही स्वयंपाकघरात जेवतो. दुपारी ऊन शेपटीपर्यंत आलं की तो तोच शेवटचा प्रश्न पुन्हा विचारतो, एकदाच, आणि उत्तराची वाट बघतो. मी शेपटीमागे बसलेला असतो. आता मी बघितल्याशिवाय उत्तर देत नाही, म्हणून अजून त्याला काही बोललेलो नाही.